गिरणेवरून रज्जुमार्ग : कल्पना मोहक, हिशेब अवघड

मेहरूण परिसरातून बांभोरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा त्यापुढील टेकड्यांवर वसलेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पोहोचायचे, तर अवघे जळगाव शहर आडवे ओलांडावे लागते. इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक, खोटेनगर असे टप्पे पार केल्यावर गिरणेचा पूल येतो. महामार्गावरील मालमोटारींच्या गर्दीत विद्यार्थ्यांच्या दुचाकी अक्षरशः वाट काढत असतात. नदीवरून आकाशमार्गाने पलीकडे जाता आले तर, ही कल्पना अशा वेळी मोहक वाटल्यास नवल नाही. शिवाजीनगरचा जुना रेल्वे उड्डाणपूल २०१९ मध्ये पाडल्यानंतर वर्षानुवर्षे वळसे घालणाऱ्या जळगावकरांना एका पुलावर विसंबण्याची किंमत सांगावी लागत नाही.

केंद्राच्या २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' योजनेची घोषणा झाली आणि रज्जुमार्ग हे केवळ देवदर्शनाचे साधन राहिले नाही. खानदेशातील भाविकांना सप्तशृंगगडावरील २०१८ पासूनची फ्युनिक्युलर ट्रॉली परिचित आहे. पण ती रुळांवरून गड चढते. शहरी नदी तारेवरून ओलांडण्याचे देशातील ठळक उदाहरण गुवाहाटीचे. तेथे ब्रह्मपुत्रेवर सुमारे १.८ किलोमीटरचा रज्जुमार्ग ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाला. खर्च सुमारे ५६ कोटी, प्रवासाचा वेळ आठ-नऊ मिनिटे. मात्र दोनच डबे आळीपाळीने ये-जा करत असल्याने क्षमता ताशी जेमतेम अडीचशे प्रवाशांची, म्हणजे पाच बसगाड्यांएवढी. आरंभी एकेरी भाडे ६० रुपये ठेवण्यात आले. पर्यटकाला ते परवडेल. रोज दोनदा जाणाऱ्या विद्यार्थ्याला नव्हे.

क्षमता वाढवायची तर वाराणसीचा नमुना घ्यावा लागतो. तेथे कँट स्थानक ते गोदौलिया या पावणेचार किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी मार्च २०२३ मध्ये झाली. एकामागून एक सुटणाऱ्या छोट्या डब्यांतून दर दिशेला ताशी तीन हजार प्रवासी नेण्याचे नियोजन आहे. मूळ अंदाज ६४५ कोटींचा, म्हणजे किलोमीटरमागे १७० कोटींहून अधिक. हाच दर मेहरूण ते विद्यापीठ या साधारण दहा किलोमीटरच्या अंतराला लावला, तर आकडा दीड हजार कोटींच्या पुढे जातो. शिवाय अशा डब्यांचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. तेव्हा अर्धा तास लागणारच.

उरतो पर्याय केवळ नदीपुरत्या रज्जुमार्गाचा. गिरणेच्या पात्रात बाराही महिने पाणी नसते. अडचण पाण्याची नाही, पुलावरील कोंडीची आहे. पात्रातील बेसुमार वाळूउपसा पाहता, पात्रात कमी खांब लागणारा मार्ग हा तांत्रिकदृष्ट्या लाभच. परंतु मेहरूणहून निघालेला प्रवासी खोटेनगरच्या पुढे डब्यापर्यंत कसा पोहोचणार आणि पलीकडे उतरल्यावर टेकडी कशी चढणार? कोलंबियातील मेदेयिन शहराचा रज्जुमार्ग २००४ पासून यशस्वी ठरला, कारण तो मेट्रो स्थानकाला जोडलेला आहे आणि डोंगरउतारावरील वस्त्यांना दुसरे वेगवान साधन नव्हते. उलट लंडनमध्ये थेम्सवर २०१२ मध्ये उभारलेल्या केबल कारकडे रोजच्या प्रवाशांनी पाठ फिरवली. तेथे पर्यटकच अधिक. जळगावला तर भरवशाची शहर बससेवाही दीर्घकाळ लाभलेली नाही.

खानदेशचा उन्हाळाही हिशेबात धरावा लागेल. पारा ४५ अंशांकडे झुकत असताना काचेच्या बंद डब्यात बसणे म्हणजे शिक्षाच. वातानुकूलन आले की खर्च वाढतो. वळवाच्या वादळात सेवा थांबवावी लागते. झारखंडमधील त्रिकूट पर्वतावर एप्रिल २०२२ मध्ये झालेल्या दुर्घटनेत तिघांचा मृत्यू झाला, तर अनेकांना रात्रभर अधांतरी अडकून राहावे लागले. देखभाल आणि सुटकेची यंत्रणा हा भाग निविदेत शेवटच्या पानावर ढकलता येणार नाही.

मेहरूण तलावावर पर्यटनासाठी रज्जुमार्ग करायचा असेल, तर तो विषय स्वतंत्र. त्याला प्रवासी वाहतुकीचा मुलामा देण्याचे कारण नाही.

बांभोरीकडे रोज किती जण, कोणत्या वेळी जातात याची मोजणी आणि त्या वेळांना सलग बस, ही कामे काही महिन्यांत होण्यासारखी आहेत. ती करूनही पुलावरची गर्दी हटली नाही, तर नदीपुरत्या मार्गाचा व्यवहार्यता अहवाल मागवणे रास्त ठरेल. तेव्हाही पहिला पेच अधिकाराचा असेल. बांभोरी धरणगाव तालुक्यात मोडते. तेथे महापालिकेची हद्द नाही. नदीपात्र महसूल आणि जलसंपदा खात्यांकडे, महामार्ग केंद्राकडे. तोटा सोसायचा झाल्यास तो कोणाच्या खात्यावर, हे या सगळ्यांनी आधी लेखी ठरवावे लागेल.