स्थिर ठिपक्याचे भय

उन्हाळ्याच्या दुपारी पंख न हलविता रिंगण घेत वर वर जाणाऱ्या घारी आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. तापलेल्या भूमीवरून उठणारा उष्ण हवेचा झोत त्यांना उचलून धरतो. ग्लायडर हे इंजिन नसलेले विमानही त्याच आधारावर चढते. पुण्याजवळच्या हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रामुळे हे नाव मराठी घरांना सर्वस्वी अपरिचित नाही. परंतु झोत एक आणि विमाने अनेक असली, की अफाट आकाशही अपुरे पडते आणि टक्कर संभवते.

म्हणून वैमानिकांनी काही शिस्त लावून घेतली आहे. झोतात जो प्रथम शिरला, त्याने धरलेल्या दिशेनेच मागाहून येणाऱ्यांनी फिरावयाचे. दोन ग्लायडर समोरासमोर आली, तर दोघांनीही उजवीकडे वळावयाचे. वळण्यापूर्वी त्या बाजूचे आकाश न्याहाळावयाचे.

एवढे करूनही धोका उरतो, कारण आपली दृष्टी हालचाल चटकन टिपते, स्थिर वस्तू मात्र तिच्यातून निसटते. समोरच्या काचेवरून सरकत जाणारे विमान बहुधा बाजूने निघून जाते. जे एकाच जागी ठिपक्यासारखे स्थिर दिसते, तेच सरळ आपल्यावर येत असते. आणि तो ठिपका डोळ्यांत भरण्याइतका मोठा होतो, तो अगदी शेवटच्या काही क्षणांत.

यावर उपाय म्हणून 2004 साली स्वित्झर्लंडमध्ये ‘फ्लार्म’ हे छोटे यंत्र पुढे आले. उपग्रहांच्या साहाय्याने ते स्वतःचे स्थान ठरविते, पुढील काही क्षणांचा मार्ग आजूबाजूच्या विमानांना रेडिओने कळविते आणि टकरीचा संभव दिसताच इशारा देते. मात्र दुसऱ्या विमानात तसे यंत्रच नसेल, तर ते मुकेच राहते. तेव्हा डोळ्यांना सुटी नाही.

आमच्या वाचकांपैकी ग्लायडर चालविणारे विरळाच. मोटार चालविणारे मात्र घरोघरी आहेत. चौकाकडे जाताना आडव्या रस्त्याने येणारी स्कूटर मोटारीच्या पुढील काचेच्या खांबाआड अशीच स्थिर राहून लपते. तिथे मान जरा पुढे-मागे करून पाहावे, एवढेच आमचे सांगणे. त्या स्कूटरवरही कुणाच्या तरी घरचे माणूस असते.