छापखान्याआधी ब्रेलसाठी फाइल द्या

शाळा उघडताना पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या थप्प्या रस्त्यावर येतात. मी शिकवते त्या मुलांना बोटांनी वाचता येईल असं गोष्टीचं पुस्तक मला त्यांत आजवर सापडलेलं नाही.

आपल्याकडे अंधांसाठीच्या कामाची परंपरा नाही असं नव्हे. पुण्यात कोरेगाव पार्कची अंधशाळा १९३४ची. मीराताई बडवे यांच्या 'निवांत' संस्थेनं ब्रेल पुस्तकं छापून कितीतरी मुलांचं शिक्षण पुढे नेलं. स्वागत थोरात यांचं 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक २००८पासून निघतं. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला केवळ हौसेनं उघडावंसं वाटेल असं काय आहे?

"आता ऑडिओ आहे की," असं मला हमखास ऐकवलं जातं. गोष्ट कानांनी कळते, हे खरं. पण 'आणि'ची वेलांटी ऱ्हस्व आहे, हे ऐकून कसं कळणार? जोडाक्षर कुठे फुटतं, परिच्छेद कुठे संपतो? डोळस मुलांना आपण नुसतं ऐकवून साक्षर म्हणत नाही.

अडचण कायद्याची नाही. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनं अंध वाचकांसाठी ना-नफा तत्त्वावर ब्रेल प्रत काढायला मुभा दिली. याच विषयावरचा माराकेश करार सर्वांत आधी, २०१४मध्ये, मान्य केला तो भारतानं. घोडं अडतं ते फाइलपाशी. युनिकोड मजकुराचं ब्रेल सॉफ्टवेअर भराभर करून देतं. पण आपली बरीच पुस्तकं अजून जुन्या फाँटमध्ये जुळवलेली असतात. मजकूर दुसरीकडे घेतला की नुसती चिन्हं उमटतात. मग कुणीतरी अख्खं पुस्तक पुन्हा टाइप करायचं आणि मुद्रितं तपासायची.

चित्रांचा विचार तर मुळापासून करायला हवा. उठावाच्या रेषांनी काढलेल्या हत्तीवरून बोट फिरवत एका मुलीनं मला विचारलं, "बाई, हा रस्ता कुठे जातो?" बाह्यरेषा ही डोळ्यांची सवय आहे. बोटांना सुपासारखा कान हवा, सुरकुत्या घातलेल्या जाड कापडाची सोंड हवी, शेपटीला काथ्याचा झुपका हवा. असं पुस्तक यंत्रावर निघत नाही, हातानं शिवावं लागतं. अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि शिवणकाम करणारे बचत गट एकत्र बसले तर ते सहज होईल.

ब्रेलचा कागद जाड, एका पुस्तकाचे अनेक खंड होतात. घरात ठेवणार कुठे? म्हणून ही पुस्तकं वॉर्डातल्या वाचनालयात, इतर बालपुस्तकांच्याच कपाटात हवीत. आणि प्रकाशकांनो, पुढचं बालपुस्तक छापायला द्याल त्याच दिवशी त्याची युनिकोड फाइल ब्रेल छापणाऱ्या संस्थेलाही पाठवा.