माळ ओसाड नाही हो!

गेल्या शनिवारी पहाटे पाचला पुणे सोडलं आणि उजाडता उजाडता दौंडच्या माळावर पोचलो. दुर्बीण लावली, तर समोर धाविक! हा पठ्ठ्या झाडाच्या वाटेला जात नाही. उघड्या जमिनीवर पळतो, तिथेच अंडी घालतो. माळटिटवी, पखुर्डी, चंडोल यांचीही अंडी जमिनीवरच.

तेवढ्यात मेंढरं घेऊन एक धनगर मामा आले. म्हटलं, "मामा, कुठून आलात?"

"शिरूरकडनं. तिकडं तुमच्यासारखीच पोरं आली, झाडं लावून गेली. आता तारेचं कुंपण हाय. मेंढरं न्यायची कुठं?"

मी गप्प. कारण गेल्या पावसाळ्यात कंपनीचा टी-शर्ट घालून तिकडच्याच एका माळावर मीही खड्डे खणले होते. फोटोही टाकले होते!

सरकारी हिशोबात झुडपी माळ म्हणजे पडीक जमीन; २०१९चा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह उघडून बघा. आणि आपण? हिरवं दिसलं नाही की आपल्याला लगेच दया येते. अहो, इथे पाऊसच कमी, म्हणून इथे गवत. त्यावर मेंढरं जगतात, लांडगे जगतात. हीच मेंढरं खतासाठी शेतात बसवायला शेतकरी धनगरांना बोलावतात. यात ओसाड काय आहे?

झाडं जरूर लावा, पण पुण्यात लावा. रस्त्याकडेला, सोसायटीत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये. तिथे जागा नाही म्हणता?

मग धाविकाची का घेता?