समुद्रांत सांडलेल्या तेलाची भरपाई

एखाद्यानें दुसऱ्याच्या उभ्या पिकांत गुरें सोडलीं, तर गांवचे पंच नुकसानीची किंमत ठरवून ती गुरांच्या धन्याकडून वसूल करून देतात. हा न्याय इतका जुना व सर्वमान्य आहे कीं, त्याविषयीं कोणी वाद घालीत नाहीं. परंतु शेत समुद्राचें असलें, पीक मासळीचें असलें, आणि गुरांऐवजीं परदेशी जहाजाचें तेल त्यांत शिरलें, म्हणजे हाच साधा न्याय मिळविणें किती दुष्कर होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस समजावें, या हेतूनें हा विषय आम्हीं हातीं घेतला आहे.

या प्रश्नाकडे जगाचें लक्ष वेधलें तें ता. १८ मार्च १९६७ रोजीं. त्या दिवशीं 'टॉरी कॅनियन' नांवाचें तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाजवळ, कॉर्नवॉल व सिली बेटें यांच्या दरम्यान, खडकांवर आदळलें. त्यांत सुमारें १,१९,००० टन कच्चें तेल होतें. तें इंग्लंड व फ्रान्स या दोन्ही देशांच्या किनाऱ्यांस लागलें. विमानांतून बॉम्ब टाकून तेल जाळण्याचा यत्न झाला. तेल धुऊन काढण्यासाठीं जीं द्रव्यें ओतलीं, त्यांनीं सागरी जीवांची आणखीच हानि केली. मग प्रश्न आला पैशाचा. जहाजावर निशाण लायबेरियाचें, नोंदलेली मालक कंपनी बर्म्युडाची, तिच्यामागें अमेरिकन तेलकंपनी, आणि खलाशी इटलीचे! दावा लावावा कोणावर, व कोणत्या देशांत? अमेरिकेच्या जुन्या कायद्याप्रमाणें अपघातानंतर जहाजाचें जें कांहीं उरेल, त्याच्या किमतीइतकीच मालकाची जबाबदारी असे. आणि येथें उरली होती केवळ एक बचावनौका, जिची किंमत ५० डॉलर! शेवटीं त्याच मालकाचें दुसरें एक जहाज सिंगापूर बंदरांत गांठून ब्रिटिश सरकारनें त्यावर नोटीस बजावली, तेव्हां कोठें १९६९ सालीं ३० लक्ष पौंडांवर तडजोड झाली व ती रक्कम दोन्ही देशांनीं वांटून घेतली.

या अनुभवानें शहाणीं होऊन राष्ट्रांनीं दोन करार केले. १९६९ च्या करारानें असें ठरविलें कीं, तेलवाहू जहाजांतून तेल सांडलें म्हणजे चूक कोणाची हें सिद्ध होण्याची वाट न पाहतां जहाजमालकानें भरपाई द्यावी. युद्धासारखे थोडेच अपवाद मानावे. आणि २,००० टनांहून अधिक तेलाचा माल नेणाऱ्या प्रत्येक जहाजानें त्यासाठीं विमा उतरलाच पाहिजे. मालकाच्या या जबाबदारीस मर्यादा होती. म्हणून १९७१ च्या दुसऱ्या करारानें एक निधि उभारण्याचें ठरविलें. अशा निधीची कचेरी लंडन येथें आहे. त्यांत पैसा भरावयाचा तो वर्षास दीड लक्ष टनांहून अधिक तेल समुद्रमार्गें मागविणाऱ्या कंपन्यांनीं. तेलाचा नफा ज्यांनीं घ्यावा, त्यांनींच तेलाच्या संकटाचा भार उचलावा, हें त्यामागील तत्त्व आम्हांस सर्वथा न्याय्य वाटतें. १९९२ सालीं हे दोन्ही करार सुधारण्यांत आले, आणि आपला देशही या सुधारलेल्या व्यवस्थेंत सामील आहे.

परंतु कागदावर न्याय उतरला, म्हणून तो कोळ्याच्या घरीं पोहोंचलाच असें नाहीं. पहिली अडचण मर्यादेची. ता. ७ डिसेंबर २००७ रोजीं दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ 'हेबै स्पिरिट' हें तेलवाहू जहाज नांगर टाकून उभें होतें. दोर तुटल्यामुळें वाहत आलेला एक क्रेनचा तराफा त्यावर आदळला, व सुमारें १०,९०० टन तेल सांडलें. दहा लक्षांहून अधिक स्वयंसेवकांनीं येऊन तेथील खडक पुसून काढले. दाव्यांची संख्या १,२७,००० च्या वर गेली. एका अपघातासाठीं ठरलेली कमाल रक्कम सर्वांस पुरणार नाहीं, या भीतीनें निधीनें कित्येक वर्षें मंजूर दाव्यांवरही शेंकडा ३५ प्रमाणेंच पैसे दिले. कोरियाच्या सरकारनें मात्र खास कायदा करून उरलेला भार स्वतः उचलला, व स्वतःचा दावा सर्वांच्या मागें उभा केला. आमच्या मतें राजधर्म म्हणतात तो हाच.

दुसरी अडचण पुराव्याची. त्याच किनाऱ्यावर मागितलेल्या एकंदर रकमेपैकीं अखेर सुमारें दशांशच मान्य झाली. कांहीं मागण्या फुगविलेल्या असतील, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ओहोटीच्या वेळीं हातानें शिंपले व कालवें वेंचणाऱ्या बायांजवळ पावती कोठून असणार? ज्याचें नुकसान सर्वांत मोठें, त्याच्याजवळ कागद सर्वांत थोडा, असा हा प्रकार आहे.

तिसरी अडचण काळाची. ता. १६ मार्च १९७८ रोजीं 'अमोको कॅडिझ' हें जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर फुटून २,२०,००० टनांहून अधिक तेल वाहून गेलें. करारान्वयें मिळणारी रक्कम तुटपुंजी, म्हणून तेथील लहान लहान गांवांनीं एकजूट करून थेट अमेरिकेंतील शिकागो शहरच्या न्यायालयांत दाद मागितली. ते विजयी झाले खरे. पण अंतिम निकाल १९९२ सालीं लागला. चौदा वर्षांत पाळण्यांतलें मूल मिसरूड फुटलेला मुलगा होतें! इतकीं वर्षें घरची चूल कशावर पेटावी?

चौथी अडचण आपल्या दारांतलीच आहे. ता. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर होऊन सुमारें ८०० टन तेल समुद्रांत गेलें. नारळी पौर्णिमेस तीन आठवडेही उरले नव्हते. तेल तिवरांच्या वनांत शिरलें. मासळी विषारी झाली असेल, या भयानें गिऱ्हाईक बाजाराकडे फिरकेना; ज्यांच्या जाळ्यास तेलाचा थेंबही लागला नाहीं, त्यांची टोपलीही भरलेलीच परत आली. आणि लंडनचा निधि? त्याचा येथें उपयोग नव्हता. कारण 'चित्रा' हें तेलवाहू जहाज नसून पेट्या वाहणारें जहाज होतें, व सांडलेलें तेल त्याचें स्वतःचें इंधन होतें. अशा इंधनाविषयींचा निराळा करार २००१ सालीं झाला व २००८ पासून अमलांत आला; परंतु त्या टक्करीच्या वेळीं आपण त्यांत नव्हतों, आणि त्या कराराच्या पाठीशीं निधि असा नाहींच. माशास किंवा कोळ्यास हा भेद काय ठाऊक? तेल मालाचें असो वा इंधनाचें असो, जाळें तितकेंच काळें होतें.

कोणी म्हणेल कीं, जबाबदारीस मर्यादा नसली तर विमा कोणी उतरणार नाहीं, आणि व्यापार बुडेल. हें म्हणणें अगदींच निराधार नव्हे. मर्यादा असूं द्यावी. पण मर्यादेबाहेरचें नुकसान गरिबांतल्या गरिबानें सोसावें, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. ज्या तेलावर सर्व देशाचीं यंत्रें चालतात, त्याच्या अपघाताचा भार चार कोळीवाड्यांवर कां पडावा? यास्तव आमच्या सूचना अशा कीं, अपघात होतांच सरकारनें मच्छीमार कुटुंबांस आगाऊ रक्कम द्यावी व मागाहून ती जहाजमालकाकडून आणि विमेवाल्याकडून वसूल करावी. इंधनाच्या तेलासाठींही निधि उभारण्याचा आग्रह आपल्या देशानें राष्ट्रांच्या सभेंत धरावा. आणि मासे विकणाऱ्या व कालवें वेंचणाऱ्या स्त्रियांची नोंद मच्छीमार सोसायट्यांनीं आजच करून ठेवावी.

विद्यार्थ्यांनो, या कामीं तुमच्याही हातून कांहीं होण्यासारखें आहे. ज्यांच्या घरीं होडी आहे, त्यांनीं एक वही घालावी. वडील दर्यावर गेले ती तारीख, मिळालेल्या मासळीची जात व वजन, विक्रीचा भाव, डिझेल व बर्फ यांचा खर्च, एवढें रोज रात्रीं लिहावें. सोसायटीच्या पावत्या त्याच वहींत जपाव्या. पालकांनींही ध्यानांत ठेवावें कीं, तेलवाहू जहाजांविषयींच्या करारांप्रमाणें नुकसान झाल्यापासून तीन वर्षांच्या आंत दावा न लावल्यास हक्क बुडतो. संकट सांगून येत नाहीं. पण तें येईल त्या दिवशीं मुलाच्या अक्षरांतली ती वही वडिलांच्या बाजूनें साक्ष देईल. शाळेंत शिकविलेल्या जमाखर्चाचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी सुचत नाहीं.