बोटावरची चिंधी

चाळिशी उलटली की माणसाला एखादा छंद जडतो म्हणतात. शेजारच्या गृहस्थांना कुंड्यांचा जडला, मला लाकडाचा. मराठी शिकवून पोट भरणाऱ्याने लेथवर लाकूड कशाला कातावे, हा प्रश्न स्टाफरूममध्ये विचारून झाला आहे. उत्तर एवढेच की व्याकरणाचा तास संपल्यावर हाती काही उरत नाही. इथे निदान सूपभर भुसा तरी उरतो.

मागच्या गॅलरीत अर्ध्या अश्वशक्तीचा छोटा लेथ बसवला आणि पहिला संकल्प सोडला लाटण्याचा. चौकोनी ठोकळा दोन टोकांत पकडला, कळ दाबली. आता गंमत पाहा. चौकोनी लाकूड वेगाने फिरू लागले की त्याचे कोपरे दिसेनासे होतात. मध्ये घट्ट दांडा आणि भोवती धुके, एवढेच दिसते. ते धुके म्हणजेच कोपरे! लाकूड गोल झाले का पाहावे म्हणून मी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. लेथ थांबवून पाहायला असे कितीसे क्षण लागले असते? धुक्याने पेरावर असा रट्टा हाणला, की डोळ्यांपुढे दिवाळी दिसली.

"काय झालं हो?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"काही नाही, कपाटाचं दार लागलं."

जखम तांदळाएवढी होती. पण एवढे पैसे घालून आणलेले यंत्र पहिल्याच दिवशी चावले, हे कोणत्या तोंडाने सांगावे? आईच्या जुन्या नऊवारीची चिंधी गुपचूप बांधली आणि जेवताना हात पानाआड धरला.

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशीचा. लाटणे गोल झाले होते, त्यावर मेण चोळत होतो. चिंधीचे एक टोक सुटले होते, ते फिरत्या लाकडाला लागले. मिनिटाला दीड हजार फेरे, लाटण्याची जाडी चार सेंटिमीटर. पुढे बोट बरे होईपर्यंत मी हिशेब केला: माणूस दचकून हात मागे घेईपर्यंत पाव सेकंद जातो, आणि तेवढ्यात ते लाटणे पाऊण मीटर कापड गुंडाळू शकते. चिंधीबरोबर बोटही ओढले गेले. पण आईचे लुगडे धुऊन धुऊन विरलेले, ते टर्रकन फाटले. पेर मुरगळण्यावर निभावले. श्रीकृष्णाच्या बोटाला द्रौपदीने भरजरी वस्त्र फाडून बांधले, ही कथा मी आजवर कितीदा सांगितली असेल! तसले वस्त्र माझ्या बोटाला असते, तर आज खडू कोणत्या बोटांत धरला असता कोण जाणे.

डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि कपाटाच्या दाराची हकीकत शांतपणे ऐकून घेतली. ही शेजारी उभी होती. मग सगळेच सांगावे लागले.

तेव्हापासून लेथजवळ कापड नाही. हातमोजेसुद्धा नाहीत, हात वाचवायला घातलेला मोजा अडकला तर हातालाच घेऊन जातो. मेण कागदी रुमालाने चोळतो. चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर लाखेवर केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. पान अडकलेच तर पानच फाटेल, ही सोय मला आता चकाकीपेक्षा मोलाची वाटते. बाह्या कोपरावर, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल (नुसता चष्मा पुरत नाही), कळ दाबण्यापूर्वी लाकूड एकदा हाताने फिरवून पाहायचे, आणि पटाशी आधी टेकणीवर टेकवून मगच लाकडाला लावायची. पॉलिशकागद फिरवताना ती टेकणीच काढून ठेवायची, म्हणजे बोट मध्ये सापडत नाही.

भुशाची मात्र मी फार दिवस थट्टा केली. त्याला काय भ्यायचे? पण लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदले आहे. आणि शिसवीच्या धुळीने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. आता नाकावर मास्क असतो. त्यात मी दरोडेखोर दिसतो, असे चिरंजीवांचे मत आहे.

लाटणे घरात वापरात आहे. एका टोकाला किंचित बारीक झाले आहे, आणि मेण अर्धेच लागले आहे. पोळ्या उत्तम होतात, असे ही सांगते. कपाटाच्या दाराची आठवण ठेवून सांगते की खरेच होतात, ते मी अजून विचारलेले नाही.