रुग्णवाहिका की नुसतीच वाहिका?

बोरिवलीहून परळच्या केईएम रुग्णालयात रुग्ण हलवायचा, तर पंचवीस किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. मुलुंडहून शीवला निघालेल्या रुग्णाला लालबहादूर शास्त्री मार्गावरचे खड्डे नि गतिरोधक चुकत नाहीत. भोंगा वाजला की मुंबईकर शक्य तेवढा बाजूला सरकतो. न सरकणाऱ्यास २०१९च्या दुरुस्त मोटार वाहन कायद्याने दहा हजार रुपयांच्या दंडाची तरतूद केली आहे. गाडीला वाट मिळावी याचा विचार झाला. गाडीच्या आत काय चालले आहे, याचा विचार समाजाने अजून पुरेसा केलेला नाही.

साध्या व्हॅनची मागची आसने काढायची, स्ट्रेचर ठेवायचे, बाजूला लांब बाकडे बसवायचे, कोपऱ्यात प्राणवायूचे सिलिंडर उभे करायचे, की झाली रुग्णवाहिका! पण ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तर आतला न बांधलेला माणूस तिसऱ्या मजल्यावरून पडावा तसा आदळतो. स्ट्रेचर जमिनीला जखडलेले नसेल, तर ते रुग्णासह पुढे घसरते. केवळ पायांवर पट्टा असेल आणि खांद्यांवर नसेल, तरी रुग्ण डोक्याच्या दिशेने सरकतो. मोकळे सिलिंडर तर तोफगोळाच. मणक्याला मार लागलेल्या रुग्णाला एवढे होण्याचीही गरज नाही. त्याला एखादा हिसकाही आयुष्यभर अंथरुणाला खिळवू शकतो.

हे अज्ञान केवळ आपल्याकडचे नव्हे. १९६६ साली अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय अहवालाने दाखवून दिले की, तिथली सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्काराचे व्यावसायिक चालवत होते. माणूस आडवा नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडे होती, एवढेच कारण! त्यानंतर तेथे नियम आले. भारतातही ‘एआयएस-१२५’ हे मानक आले. त्यात रुग्णवाहिकांचे चार प्रकार ठरले आणि स्ट्रेचर, आसने, उपकरणे यांच्या जोडणीचे निकष घातले गेले. मात्र मानक नव्या गाडीला वळण लावते; रस्त्यावरच्या जुन्या गाडीची जबाबदारी ती चालवणाऱ्यांचीच.

जीव जात असताना पट्टे बांधत बसायचे काय, असा प्रश्न कोणी करील. पट्टे बांधायला मिनिटही लागत नाही. उलट, उभा राहून उपचार करणारा परिचारक कोसळला, तर एकाचे दोन रुग्ण होतात. उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या २०२२ मधील अपघाती मृत्यूनंतर, मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा, ही सक्ती मुंबईत त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून झाली. धडधाकट प्रवाशाला जे आवश्यक, ते स्वतःला सावरूही न शकणाऱ्या रुग्णाला अनावश्यक कसे?

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथे मंडळे आणि न्यास सेवाभावाने रुग्णवाहिका चालवतात. देणगीदाराचे नाव बाहेर ठळक अक्षरांत झळकते. त्याच तळमळीने कार्यकर्त्यांनी एका रविवारी गाडीचे मागचे दार उघडून पाहावे. स्ट्रेचरचे कुलूप लागते का? खांद्याचे पट्टे आहेत का? सिलिंडर घट्ट आहे का? नातेवाइकाला धरायला दांडा आहे का? यासाठी लागणारा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे. गाडी लोकार्पण केल्याने सेवा पूर्ण होत नाही; आतला रुग्ण नवी इजा न होता रुग्णालयाच्या दारात उतरतो, तेव्हा ती पूर्ण होते.