महावितरणला खुले पत्र: मीटर बदलताना एक कागदही द्या

मा. अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक,
महावितरण, प्रकाशगड, वांद्रे, मुंबई



साताऱ्यातल्या शनिवार पेठेत किंवा यादोगोपाळ पेठेत जुन्या वाड्यांचे मीटर कुठे असतात हे आपल्या वायरमनला अंधारातही सापडेल. दरवाजातून आत शिरायचे, जिन्याखाली वाकायचे, की काळपट लाकडी फळीवर चार बिऱ्हाडांचे चार मीटर. आता तिथे एजन्सीची पोरे येतात. जुना मीटर काढतात, नवा लावतात, मोबाईलवर फोटो घेतात आणि पुढच्या वाड्यात जातात. घरात त्या वेळी बहुधा एखादी आजी नाहीतर दुपारच्या झोपेतून उठलेले आजोबा. ‘काय केलंत?’ याचे उत्तर ‘मीटर बदलला, फुकट आहे’ इतकेच मिळते. हातात काही पडत नाही. जुन्या मीटरचे शेवटचे रीडिंग काय होते, नव्याचा नंबर काय, तक्रार कुणाकडे करायची, हे सगळे त्या फोटोबरोबर निघून जाते.

महिन्याने बिल येते आणि मग गल्लीत एकच वाक्य फिरू लागते: ‘मीटर पळतोय.’

या संशयाला इतिहास आहे, आणि तो ग्राहकांनी तयार केलेला नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या वितरण सुधारणा योजनेत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचे उद्दिष्ट ठरले. महावितरणने ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरची कामे खासगी कंपन्यांना दिली. आधी पैसे, मग वीज, ही कल्पनाच लोकांना रुचली नाही. राज्यभर आंदोलने झाली. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना यांनी हिशेब मांडला की, मीटरमागे खर्च सुमारे १२ हजार रुपये, केंद्राचे अनुदान ९०० रुपये, आणि उरलेले शेवटी वीजदरातूनच वसूल होणार. जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नसल्याचे जाहीर केले. लोकांनी विषय संपला असे मानले. पुढे काही महिन्यांत ‘टीओडी’ (टाइम ऑफ डे) नावाचा मीटर दारात आला. बिल पूर्वीसारखेच महिन्याच्या शेवटी, हे महावितरण सांगते आणि ते खरेही आहे. पण असा मीटर कार्यालयात बसून पोस्टपेडचा प्रीपेड करता येतो, हेही तितकेच खरे. संमतीशिवाय प्रीपेड करणार नाही, एवढी एक ओळ प्रत्येक ग्राहकाला लेखी मिळाली असती, तर निम्मी भांडणे झाली नसती.

आता ‘पळणाऱ्या’ मीटरकडे जरा जवळून पाहू. इथे ग्राहक आणि अभियंता दोघेही बरोबर असू शकतात.

जुना चकतीचा मीटर फेजच्या तारेतला करंट मोजायचा. हल्लीचे इलेक्ट्रॉनिक मीटर, स्मार्ट असो वा नसो, फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा मोजतात आणि ज्यात करंट जास्त तो आकडा धरतात. चोरी पकडण्यासाठी केलेली ही सोय आहे. आता जुन्या वाड्यात चला. पन्नास वर्षांत कुणीतरी माडीवरच्या खोलीसाठी वायर ओढली, कुणी भाडेकरूसाठी भिंत पाडली, आणि कुठेतरी दोन बिऱ्हाडांचे न्यूट्रल एकत्र पिळून वर काळी टेप मारली. चकतीच्या मीटरला हे कधी कळले नाही. नव्या मीटरला कळते. शेजारच्या गिझरचा परतीचा करंट आपल्या मीटरमधून जातो आणि आपल्या बिलात चढतो. ओल धरलेल्या भिंतीत करंट जमिनीत उतरत असेल, तर तेही मोजले जाते. ‘मीटर बरोबर आहे, तुमचं वायरिंग खराब आहे’ हे अभियंत्याचे म्हणणे खरे. ‘मी वापरली नाही ती वीज माझ्या नावावर आली’ हे ग्राहकाचे म्हणणेही खरे. खोटी आहे ती कामाची पद्धत. मीटर लावणारा माणूस दोन मिनिटे थांबून घरातली सगळी बटणे, फ्रिजसकट, बंद करायला सांगू शकतो. तरीही मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये गडबड आहे, हे तिथल्या तिथे सर्वांसमोर सिद्ध होते. दिवसाला किती मीटर लावले यावर ज्याचा पगार ठरतो, त्याला ही दोन मिनिटे परवडत नाहीत. ती परवडतील असे कंत्राट करणे हे प्रकाशगडचे काम आहे.

ग्राहकाच्या हाती कायदा नाही असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली की पाच दिवसांत दुसरा, म्हणजे चेक मीटर लावायचा, आणि तो किमान तीन महिने ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहायचे. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा कराडच्या बाजारपेठेत उभे राहून किती जणांना हे माहीत आहे असे विचारून पाहावे. आपल्या जाहिरातींत ॲप आहे, सवलत आहे, हसरे कुटुंब आहे. चेक मीटर मात्र नाही.

सवलतीचेही पाहू. जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सूट, पुढे टप्प्याटप्प्याने ती एक रुपयापर्यंत. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराने त्यातली ६० दिवसा वापरली तर ४८ रुपये वाचतील. वाईट नाही. पण नवरा-बायको दोघेही सकाळी आठलाच कुपवाड किंवा इस्लामपूरच्या एमआयडीसीला निघत असतील, तर दिवसा घरात चालतो तो फक्त फ्रिज. सूट खरी आहे, ती कुणाला मिळेल याची जाहिरात जरा प्रामाणिक असावी. शिवाय ही सूट मीटरच्या आतल्या घड्याळावर चालते. डिस्प्लेवर तारीख आणि वेळ येते, ती आपल्या घड्याळाशी जुळवून पाहा, हेही कुणी सांगत नाही.

स्मार्ट मीटरच्या बाजूने बोलण्यासारखेही बरेच आहे. बिलावरचा तो ‘आरएनए’ (रीडिंग उपलब्ध नाही) शेरा, कुलूप होते म्हणून लावलेले सरासरी बिल, चार महिन्यांचे युनिट एकदम आल्यावर उडणारी तारांबळ, यांनी लोकांना वर्षानुवर्षे छळले आहे. शंभर युनिटांची पायरी ओलांडली की वीज आकाराचा दर दुपटीहून वर जातो, त्यामुळे रीडिंग वेळेवर होणे हा पैशांचा प्रश्न आहे. रोजचे रीडिंग दुरून घेतले जाणार असेल तर हा छळ थांबावा. पण त्यासाठी मीटरला रेंज हवी. तापोळा-बामणोलीच्या पलीकडे, शिवसागर जलाशयाच्या काठच्या वाड्यावस्त्यांवर माणसालाच फोन लावायला टेकाडावर चढावे लागते. शिराळ्याच्या डोंगरी भागातही फार वेगळे नाही. नेटवर्क गेले तरी मीटर मोजत राहतो आणि सुमारे महिन्याभराची नोंद पोटात ठेवतो. त्यानंतरही संपर्क झाला नाही तर रीडिंगला माणूस येणार की पुन्हा सरासरी बिल, हे कुणी जाहीर केलेले नाही. १,९६० मेगावॉटच्या कोयना प्रकल्पासाठी ज्या तालुक्यांनी गावे पाण्याखाली घातली, त्यांच्यावर पुन्हा अंदाजाचे बिल येऊ नये.

ब्रिटनमध्ये ही फजिती होऊन गेली आहे. तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने जून २०२३ मध्ये सांगितले की बसवलेल्यांपैकी सुमारे ३० लाख, म्हणजे नऊ टक्के स्मार्ट मीटर नीट काम करत नाहीत. तिथे निदान तो आकडा मोजला आणि छापला गेला. महावितरणने सातारा आणि सांगली मंडलांसाठी तालुकावार असा आकडा दर तिमाहीला जाहीर करावा: किती लावले, किती बोलतात, किती मुके आहेत.

सांगलीचा आणखी एक प्रश्न आहे, तो पुण्या-मुंबईला सुचणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, गावभाग इथल्या लोकांना मीटर किती उंचीवर असावा हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. नवा मीटर जुन्याच फळीवर, जुन्याच उंचीवर ठोकला जात असेल, तर पुढच्या पुरात तो बुडणार. बुडालेल्या मीटरचे पैसे कोण भरणार, त्या महिन्याचे बिल कशावर निघणार, हे पाणी येण्याआधी ठरवायला हवे. दुरून वीज बंद करण्याची सोय पुरात उपयोगाची वाटेल. पण त्याने बंद होते ती मीटरच्या पुढची लाईट. खांबावरून मीटरपर्यंत आलेली वायर जिवंतच असते, आणि हे पूरग्रस्त भागात आधी सांगितले नाही तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल.

हीच दुरून तोडण्याची सोय थकबाकीतही आहे. पूर्वी वायरमन शिडी घेऊन यायचा, त्याच्याशी बोलता यायचे, दोन दिवस मागता यायचे. आता कार्यालयातले एक बटण पुरते. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही, आणि बटण आले म्हणून कलम रद्द झालेले नाही.

मागणी फार मोठी नाही. मीटर बदलताना प्रत्येक घरी मराठीत छापलेला एक कागद द्यावा. त्यावर जुन्या मीटरचे अखेरचे रीडिंग, नव्याचा क्रमांक आणि सुरुवातीचे रीडिंग, लाल दिव्याची चाचणी केल्याची नोंद, चेक मीटरचा हक्क, प्रीपेडबाबतची हमी, आणि दाद मागण्याचे पत्ते असावेत. सातारा बारामती परिमंडलात, सांगली कोल्हापूर परिमंडलात. शेजारच्या दोन जिल्ह्यांना दोन वेगळी दारे आहेत हेही त्या कागदावर लिहावे लागेल. या कागदाचा खर्च मीटरच्या किमतीपुढे काहीच नाही. आणि पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी सांगलीच्या पूरपट्ट्यातील मीटरची उंची एकदा तपासून घ्यावी.

तोवर वाचकांनी स्वतःचे पाहावे. जुना मीटर निघण्याआधी त्याच्या आकड्याचा फोटो काढावा आणि पहिले बिल आले की त्याच्याशी ताडून पाहावे. फरक दिसला तर १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि सब-डिव्हिजनला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. बिलाचा वाद सुटेपर्यंत बिलातली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर त्या बिलापोटी वीज तोडता येत नाही. हेही त्याच कलम ५६ मध्ये लिहिले आहे.